सहाव्या रात्रीचा पहारा

मूल जन्मल्यानंतरच्या सहाव्या रात्री घरातल्या बायका झोपत नाहीत. ही चाल देशावर आहे, कोकणात आहे, गोव्यात आहे, आणि सुरतेच्या गुजराती कुटुंबांतही आहे. देशावर त्या रात्रीची अधिष्ठात्री सटवाई. कोकणीत तीच रात्र सटी आणि गुजरातीत छठी. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवावयाची, दिवा विझू द्यावयाचा नाही, बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा सुरी ठेवावयाची, आणि गाणी म्हणत, गोष्टी सांगत पहाट करावयाची. रात्री केव्हातरी देवी येते आणि बालकाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, अशी श्रद्धा. गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने चालीरीतींवर बंदी घालणारे जे फर्मान काढले, त्यात या सहाव्या रात्रीच्या जागरणाचाही समावेश होता. बंदी आली, परंतु चाल मेली नाही. ज्या चालीच्या मुळाशी भय असते ती राजाज्ञेने मरत नसते.

हे भय कशाचे? आणि सहावीच रात्र का? देवतेचे सहा हा अंकाशी असलेले नाते सर्वांना ठाऊक आहे. षष्ठी ही स्कंदाशी, म्हणजे षडाननाशी, निगडित देवता. परंतु जागरण, पहारा, दिवा आणि लोखंड ही सामग्री केवळ पूजेची नव्हे, ती राखणीची आहे. राखण तेथेच करावी लागते जेथे चोरी होते. आपल्या आज्या-पणज्यांनी पुन्हा पुन्हा असे पाहिले होते, की जन्मतः धडधाकट असलेले, मोठ्याने रडलेले, दोनचार दिवस आईचे दूध नीट ओढणारे मूल पाचव्यासहाव्या दिवशी एकाएकी दूध सोडते. त्याचा जबडा मिटतो. ओठ ताणले जाऊन चेहऱ्यावर हसल्यासारखी भेसूर रेषा उमटते. कोणी स्पर्श केला, भांडे वाजले, तरी अंग ताठ होऊन धनुष्यासारखे वाकते. आणि दोनतीन दिवसांत सारे संपते. या रोगाचे नाव धनुर्वात. सटवाईची चाल निव्वळ याच रोगातून निघाली असे मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा नाही, आणि नवजात बालकांना मारणारे रोग इतरही आहेत. परंतु रोगाचा दिवस आणि पहाऱ्याची रात्र एकमेकींच्या इतक्या जवळ यावीत, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. पंजाबात या रोगास आठव्या दिवसाचा रोग म्हणत. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत सात दिवसांचे दुखणे म्हणत. स्कॉटलंडच्या पश्चिमेस महासागरात असलेल्या सेंट किल्डा नावाच्या एकाकी बेटावरही तो आठ दिवसांचाच आजार होता. ज्यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते अशा मातांनी एकच दिनदर्शिका लिहून ठेवली होती.

या पहाऱ्याचा इतिहास, म्हणजे तो कोणी कोणी केला, कोठे चुकला आणि अखेर कोणत्या वाटेने यशस्वी झाला, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या कथेचा बराच भाग आपल्या मुंबई-सुरतेच्या परिसरातच घडला आहे, आणि त्यात न्यायालयाची पायरीही एकदोनदा लागते. म्हणून वैद्यकाच्या प्रांतात एका वकिलाने पाऊल टाकणे वाचक क्षम्य मानतील अशी आशा आहे.

रोगाचे वर्णन जुने आहे. सुश्रुतसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणी शरीर धनुष्याप्रमाणे वाकविणाऱ्या विकारास धनुःस्तंभ म्हटले आहे. आपला धनुर्वात हा शब्द त्याच कुळातला. नाळ कशी कापावी हेही आपल्या शास्त्रकारांनी तपशिलाने सांगितले आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नाभीपासून आठ अंगुळे मोजून खूण करावी, नाळ दोन्ही बाजूंनी धरावी, आणि सोन्याच्या, रुप्याच्या किंवा लोखंडाच्या तीक्ष्ण शस्त्राने कापावी, असा विधी आहे. नाभी पिकल्यास हळद इत्यादी औषधींनी सिद्ध केलेले तेल लावण्यास सांगितले आहे. शस्त्र तीक्ष्ण असावे, त्याचे काम नेमलेले असावे आणि हात जाणत्याचा असावा, हा या विधीतला विवेक आजही मान्य होण्यासारखा आहे.

परंतु शास्त्र पोथीत राहिले आणि बाळंतपण अंधाऱ्या खोलीत गेले. घरातली सर्वांत कोंदट, वापरात नसलेली जागा बाळंतिणीस मिळे. जुने फाटके कपडे अंथरुणाला. विटाळाच्या कल्पनेमुळे चांगली वस्तू आत नेणे नको, कारण ती पुन्हा बाहेर घेता येत नसे. देशावरची सुईण काय किंवा गोव्याकडची वैजीण काय, अनुभवाने कुशल असत; अडलेली बाई सोडविण्याचे त्यांचे कसब नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्यांच्या हाती जे येई त्यानेच त्या नाळ कापीत. ते कधी विळ्याचे पाते असे, कधी कोयता, कधी बांबूची धारदार कामटी. कापलेल्या जागी राख, माती किंवा शेण लावण्याची रीत अनेक ठिकाणी होती. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. उशाशी राखणीसाठी ठेवलेला विळा आणि नाळ कापणारा विळा एकच असू शकतो, आणि संकट त्याच्याच पात्यावर बसून घरात शिरलेले असू शकते, ही गोष्ट त्या काळी जगात कोणालाच माहीत नव्हती.

ती माहीत झाली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. १८८४ साली कार्ले आणि रात्तोने या इटालियन संशोधकांनी धनुर्वात एका प्राण्यातून दुसऱ्यास देता येतो हे दाखविले; त्याच वर्षी निकोलायर या जर्मन संशोधकाने साध्या बागेतल्या मातीतून तो निर्माण करून दाखविला. १८८९ मध्ये कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने त्याचा जीवाणू वेगळा काढला. हा जीवाणू मातीत आणि गुरे-घोडे यांच्या विष्ठेत असतो. त्याची बीजे कोरड्या अवस्थेत वर्षानुवर्षे टिकतात, साध्या धुण्याने मरत नाहीत, आणि जेथे हवा पोचत नाही अशा जखमेत रुजतात. जीवाणू स्वतः तेथेच राहतो. त्याचे विष मात्र मज्जातंतूंच्या वाटेने चढत जाते. सुकत आलेली नाळ ही त्याला आयतीच मिळालेली जमीन. बीज पडल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जो अवधी जातो तो बहुधा आठवड्याच्या आसपासचा. सहाव्या रात्रीचे कोडे असे सुटते.

या ज्ञानाचा प्रसाद ठळकपणे कोठे दिसला तर उपरोक्त सेंट किल्डा बेटावर. तेथे जन्मलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले पहिल्या पंधरवड्यात जात. लोक ती ईश्वरेच्छा मानीत. अँगस फिडिस नावाच्या तेथील धर्मोपदेशकाने ग्लासगोला जाऊन निर्जंतुक सुईणपणाचे शिक्षण घेतले, परत येऊन ते बेटावर लागू केले, आणि १८९० नंतरच्या थोड्याच वर्षांत तो आजार तेथून नाहीसा झाला. लस नव्हती, होते ते निर्जंतुक हात, निर्जंतुक शस्त्र आणि नाळेवर निर्जंतुक पट्टी. हे काम एका धर्मपीठावरच्या माणसाने केले, हे देवस्थानांशी ज्यांचा नित्य संबंध येतो अशा आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे.

साधारण याच सुमारास एक मराठी स्त्री डॉक्टर होऊन सुरतेस आली. तिचे नाव रखमाबाई. वकिलीच्या व्यवसायात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे नाव एका खटल्यामुळे माहीत असते. १८६४ साली मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. त्या आईकडेच राहिल्या. आईचे दुसरे पती डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्यांना वाचनाची गोडी लागली. १८८४ मध्ये दादाजींनी पत्नी नांदावयास यावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. असला दावा हिंदू धर्मशास्त्रातला नसून इंग्लंडच्या कायद्यातून येथे आलेला आहे, हे त्यांनी दाखवून दिले. अपिलानंतर दावा पुन्हा चालला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना नांदावयास जाण्याचा हुकूम दिला. न गेल्यास सहा महिन्यांची कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये तडजोड होऊन दोन हजार रुपयांवर प्रकरण मिटले. त्या गदारोळातून निघालेली चर्चा पुढे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत पोचली.

खटला एवढाच इतिहासाच्या पुस्तकात येतो. पण रखमाबाईंच्या आयुष्याचा मोठा भाग त्यानंतरचा आहे. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने त्या लंडनला गेल्या, तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, आणि १८९५ पासून वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात काम केले. पुढे राजकोटला गेल्या. १९५५ साली मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्या काळच्या सुरतेत बाळंतपणासाठी घराबाहेर पडणे हे अशुभ आणि लाजिरवाणे मानले जात होते. अशा वेळी प्रसूतिगृहाचे दार उघडे ठेवून बसणे म्हणजे फिडिसने बेटावर जे केले तेच एका भरल्या शहरात करणे होय. स्त्रीचे शरीर ही कोणाच्या ताब्याची वस्तू आहे काय, हा प्रश्न या बाईने प्रथम न्यायासनापुढे मांडला, आणि मग त्याच शरीराची निगा राखणे हे आयुष्याचे काम केले. आजचे विद्वान तिच्या खटल्यावर ग्रंथ लिहितात ते योग्यच आहे. तथापि सुरतेत जी मुले स्वच्छ हातांनी जन्मली त्यांचा ग्रंथ कोणी लिहिलेला नाही.

त्या काळी डॉक्टरांच्या हाती स्वच्छतेखेरीज दुसरे काही नव्हते, आणि स्वच्छतेची कसोटी किती कठीण आहे हे सांगणारा प्रसंगही मुंबईशीच निगडित आहे. प्लेगची लस शोधणारे वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा परळला होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यांपैकी एकोणीस जणांना सुमारे आठवड्याने धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही दगावले. एकोणिसांनाही लस दिली गेली होती ती परळहून आलेल्या एकाच बाटलीतून, ५३-एन या क्रमांकाच्या. चौकशी आयोग नेमला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स त्यात होते. दूषण बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथेच झाले असावे, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांची नोकरी गेली, कीर्तीवर डाग आला.

पण पुरावा नीट वाचणाऱ्यांना तो निष्कर्ष पटला नाही. बाटली उघडतेवेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढले होते, ही साक्ष कागदपत्रांत होती. बाटलीत आधीपासून रोगबीज वाढत असते तर उघडताना दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉसप्रभृती जीवाणुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात पत्र लिहून हे मांडले आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. कायद्याचा अभ्यास करणाऱ्यास या प्रकरणात पुराव्याचे ओझे कोणावर असावे याचा धडा मिळतो. आपल्या विषयापुरता धडा निराळा आहे. प्रशिक्षित मदतनिसाच्या हातून एक चिमटा क्षणभर मातीला लागतो आणि एकोणीस माणसे जातात. मग सारवलेल्या जमिनीवर, दिव्याच्या उजेडात, हाती लागेल त्या पात्याने नाळ कापणाऱ्या सुइणीस आपण कोणत्या तोंडाने दोष द्यावा? स्वच्छता आवश्यक आहे, पण तिच्यावर सर्वस्वी विसंबणे म्हणजे प्रत्येक हात प्रत्येक वेळी निर्दोष राहील असे धरून चालणे होय. मातीच्या देशात हे गृहीत टिकत नाही.

म्हणून दुसऱ्या राखणीची गरज होती; जी हात चुकला तरी चुकणार नाही अशी. ती शोधण्यास जगाला आणखी अर्धे शतक लागले. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी प्रतिविष शोधले. घोड्याला थोडे थोडे विष देऊन त्याच्या रक्तातून काढलेला हा रस जखमी माणसास टोचता येई. परंतु त्याचा प्रभाव काही आठवड्यांतच ओसरे, आणि खेड्यातल्या नवजात मुलापर्यंत तो वेळेवर पोचणार कसा? पुढे १९२० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामों आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विषावर फॉर्मालिन व उष्णता यांचा प्रयोग करून त्याचा दंश काढून घेतला आणि ओळख तेवढी शिल्लक ठेवली. अशा निर्विष केलेल्या विषाने शरीर स्वतःच प्रतिविष बनविण्यास शिकते. हीच धनुर्वाताची लस. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना ती मोठ्या प्रमाणावर दिली गेली आणि रणांगणावरचा धनुर्वात जवळजवळ हटला.

सैनिकास लस देता येते. पण जन्मानंतर सहाव्या दिवशी आजारी पडणाऱ्या मुलास ती देऊन काय होणार? शरीर शिकण्यास आठवडे लागतात आणि मुलाजवळ तेवढे दिवस नाहीत. येथे निसर्गाची एक व्यवस्था उपयोगी पडली. गर्भावस्थेच्या उत्तर काळात आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये वारेतून गर्भाच्या रक्तात उतरतात. आईने लस घेतली असेल तर मूल जन्मास येते तेच हे कवच अंगात घेऊन, आणि नाळ सुकून पडेपर्यंतचा धोक्याचा काळ सहज पार करते. १९६१ साली स्कोफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू गिनीतील खेड्यांतून गर्भवतींना ही लस देऊन दाखविले, की तीन मात्रा घेतलेल्या स्त्रियांच्या मुलांत हा रोग जवळपास उरत नाही. १९६६ मध्ये कोलंबियात न्यूवेल यांच्या प्रयोगात दोन किंवा तीन मात्रा घेतलेल्या मातांची मुले या रोगापासून वाचली. बाळंतपण होते तेथेच, होते तसेच, सुईण तीच. फक्त आईच्या दंडात काही महिने आधी दोनदा सुई टोचली गेली होती.

या दोन प्रयोगांच्या मधल्या काळात मुंबईचे नाव या शास्त्रात मोठे झाले. परळच्याच के. ई. एम. रुग्णालयात धनुर्वाताचे रोगी इतके येत, की तेथील डॉ. जे. सी. पटेल यांनी या रोगाचा आयुष्यभर अभ्यास केला, डॉ. जोग यांच्यासमवेत त्यांनी १९५९ मध्ये रोगाच्या तीव्रतेची जी प्रतवारी मांडली ती पुढे सर्वत्र वापरली गेली. धनुर्वातावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९६३ साली मुंबईतच भरली. हा मान आपल्या शहरास मिळाला तो एका दुःखद कारणाने मिळाला, कारण रोगीच येथे विपुल होते. परंतु दुःखाचा उपयोग ज्ञानासाठी करणे हेही कर्तृत्वच. पुढे १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तिचे आरंभीचे उत्पादन घोड्यांच्या रक्तापासून केलेले धनुर्वाताचे प्रतिविषच होते, आणि नंतर तेथे लसही होऊ लागली.

या ठिकाणी कायद्याच्या एका जुन्या तत्त्वाची आठवण होते. पित्याच्या मृत्यूसमयी जे मूल आईच्या पोटात असते त्यास आपल्या धर्मशास्त्राने वारसाहक्कातून कधी वगळले नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या विसाव्या कलमाने तेच तत्त्व लेखी केले: मृत्युपत्र न करता मृत्यू पावलेल्याच्या मृत्यूसमयी गर्भात असलेले आणि नंतर जिवंत जन्मलेले मूल, जणू त्याच्या आधीच जन्मले होते असे मानून, वारस ठरते. यातील ‘जिवंत जन्मलेले’ हे शब्द महत्त्वाचे. कायदा शेतजमिनीचा तुकडा पोटातल्या मुलासाठी राखून ठेवू शकला. पण ते मूल जन्मून बाराव्या दिवशी नाव ठेवण्यापर्यंत जगेल याची हमी कायद्याजवळ नव्हती. ती हमी आईच्या रक्तात होती. पित्याकडून येणारा वारसा दप्तरात नोंदतात. मातेकडून येणारा हा वारसा कोणत्याही सातबारावर चढत नाही, आणि तरीही पहिला वारसा भोगावयास मूल उरते ते दुसऱ्यामुळे.

दप्तराचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा रोग इतकी वर्षे राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत भरला नाही याचे कारण त्याचे बळी कागदावर नव्हते. जन्म घरात, मृत्यू घरात. मधे आठ दिवस. बारसे झालेले नाही म्हणून नाव नाही. नाव नाही म्हणून घरातही त्या मुलाचा उल्लेख ‘ते पहिले गेले’ एवढाच. जन्म-मृत्यू नोंदणीचा अखिल भारतीय कायदा १९६९ चा. त्याच्या चौदाव्या कलमात मुलाचे नाव ठरलेले नसतानाही जन्म नोंदविण्याची आणि नाव मागाहून घालण्याची सोय आहे. म्हणजे कायद्याने अनामिक मुलाचे अस्तित्व मान्य केले. पण त्याच्यासाठी कचेरीत जाणारे कोणी नव्हते. १९८० च्या सुमारास घरोघर विचारपूस करून पाहण्या झाल्या तेव्हा कोठे संकटाचा खरा आकार कळला. भारतात दरवर्षी दीड ते दोन लाख अर्भकांना हा रोग होत असे, असे जागतिक आरोग्य संघटनेने पुढे नमूद केले आहे. १९८८ साली साऱ्या जगात ७,८७,००० नवजात बालके याने दगावली असा तिचा अंदाज होता. दोन लाखांचे शहर एका पुरात वाहून गेले असते तर राष्ट्राने शोक पाळला असता. ही मुले एकेक करून, मिटल्या दारांआड गेली, आणि शोक फक्त आईने केला.

यानंतरचा इतिहास सरकारी कार्यक्रमांचा असल्याने थोडक्यात सांगतो. १९७८ मध्ये विस्तारित लसीकरणाचा आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम आला. गर्भवतीस धनुर्वाताच्या लसीच्या दोन मात्रा हा त्याचा भाग झाला. सुइणींना शिकविण्यात आले ते पाच स्वच्छतांच्या सूत्राने: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणे. २००५ पासून जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयातील बाळंतपणास आर्थिक आधार दिला, आणि आशा कार्यकर्त्या दारोदार फिरू लागल्या. दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रोगी, आणि तेही प्रत्येक जिल्ह्यात, ही निर्मूलनाची कसोटी. आंध्र प्रदेश २००३ मध्ये तीत उतरला. शेवटी राहिलेला नागालँड २०१५ मध्ये. मे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. पोलिओच्या विजयाचा जसा गाजावाजा झाला तसा याचा झाला नाही. जे दुःख मुक्याने सोसले गेले, त्याचा अंतही मुक्यानेच झाला.

येथे लेख संपविता आला असता. परंतु निर्मूलन या शब्दाने फसू नये. देवीचा रोग जगातून गेला तो परत येणार नाही, कारण तो माणसातच राहत होता. धनुर्वात मातीत राहतो. माती निर्मूळ होत नाही. तो एकापासून दुसऱ्यास लागत नाही, म्हणून शेजारणीने घेतलेली लस आपल्या उपयोगी पडत नाही. एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असेही नाही. म्हणजे ही राखण समाजाने एकदा करून संपणारी नव्हे. प्रत्येक गर्भवतीपाशी ती नव्याने उभी करावी लागते. ज्या वर्षी ती ढिली पडेल त्या वर्षी रोग परत आपल्या जागेवर आहे.

सुरतेच्या पूर्व अंगास पर्वत पाटिया नावाची वस्ती आहे. मराठीत ज्यास आपण फाटा म्हणतो, तेच गुजरातीत पाटिया. पर्वत गावाकडे वळण्याची खूण म्हणून पडलेले नाव. आज तेथे गाव कमी आणि शहर अधिक दिसते. आसपास कापडबाजार, माग, भरतकामाची यंत्रे. आणि लिंबायत-उधन्यापासून या बाजूपर्यंत खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी कुटुंबे. तापी खोऱ्यातून जाणारी आगगाडी त्यांना सुरतेस आणते आणि सणावारी, बाळंतपणास, परत माहेरी नेते. रखमाबाईंच्या वेळची मराठी माणसे सुरतेत तुरळक होती; आजच्या सुरतेत मराठी ही गल्लोगल्ली ऐकू येणारी बोली आहे.

या कुटुंबांच्या जगण्यात राखणीची एक नवी फट संभवते. गर्भवतीचे नाव सुरतेत नोंदले जाते, पालिकेच्या आरोग्य केंद्रात पहिली मात्रा मिळते, ममता कार्डावर गुजरातीत तिची नोंद होते. सातव्या महिन्यात सून माहेरी जाते ती नंदुरबार किंवा अमळनेरास. दोन मात्रांमध्ये चार आठवड्यांचे अंतर हवे, आणि दुसरी मात्रा बाळंतपणापूर्वी किमान दोन आठवडे मिळाली पाहिजे. कार्ड सासरी राहिले, किंवा लिपी न कळल्याने कोणी वाचले नाही, तर दुसरी मात्रा दोन राज्यांच्या मधे कोठेतरी पडून जाऊ शकते. १९६० साली मुंबई राज्याचे दोन भाग झाले. नाळ मात्र अजून तापीच्या दोन्ही काठांना जोडलेली आहे. ज्या घरात सून माहेरी जावयास निघते तेथे ओटीबरोबर ते कार्डही बांधून द्यावे, एवढीच ही फट बुजविण्याची युक्ती. आता या लसीत घटसर्पाची लसही एकत्र केलेली असते. २०१८ नंतर जुन्या लसीची जागा या जोडलसीने घेतली. मागील तीन वर्षांत दोन मात्रा झालेल्या असतील तर नव्या गर्भारपणात एकच पुरते. हे सारे सरकारी केंद्रात विनामूल्य आहे.

आणि सटवाई? तिची रात्र पाळू नये असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या दिवा लावून बसल्या त्यांनी रोग ओळखला होता, त्याचा दिवस ओळखला होता, आणि आपल्या हाती होते तेवढे सर्व केले होते. पहारा फक्त उशिरा बसत होता. संकट सहाव्या रात्री येत नसून नाळ कापताना आलेले असते, आणि त्यास अडविण्याची वेळ त्याच्याही चारपाच महिने आधीची असते. पहारा मागे सरकवून गर्भारपणात आणला, एवढाच काय तो नव्या काळाने केलेला बदल. आपल्या देवस्थानांत डोहाळजेवणाच्या, ओटीभरणाच्या निमित्ताने बायका जमतात. तेथे एखाद्या वडील बाईने ‘सूनबाई, दोन्ही सुया झाल्या ना?’ असे विचारावे, हे त्या जुन्या पहाऱ्याशी सुसंगतच होईल. मग सहाव्या रात्री कोरा कागद खुशाल ठेवावा, दिवा लावावा, गाणी म्हणावीत. देवीस जे लिहावयाचे ते ती लिहील. लिहावयास एक दीर्घ आयुष्य तिच्यापुढे असेल, एवढी तजवीज आईने आधीच करून ठेवलेली असेल.